डांबरगोळ्यांचा वास, कुबट साड्या आणि बाळाचं दुपटं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेतून दहा-बारा जुन्या सुती साड्या निघाल्या. बहुतेकींना डांबरगोळ्यांचा उग्र वास आहे, काहींना कुबट वास आहे. दोनदा साबणात धुतल्या, कंडिशनरमध्ये घातल्या, दोन दिवस बरं वाटलं आणि वास परत आला. मुलगी दिवाळीच्या सुमारास बाळंत होईल. बाळासाठी दुपटं आणि घरासाठी मोठी गोधडी अशा दोन्ही गोष्टी या साड्यांतून शिवायच्या आहेत. शिवताना थरांमध्ये लॅव्हेंडरचं तेल शिंपडलं तर चालेल का, आणि सोबत द्यायला सुगंधी पुरचुंड्या कशा करायच्या?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. तेल शिंपडू नका, कोणतंच नको. डांबराचा वास पाण्याने जात नाही, तो वाऱ्याने आणि उन्हाने जातो. कुबट वास बुरशीचा असतो. कापडातली बुरशी आणि तिचं खाद्य दोन्ही निघाल्याशिवाय तो हटत नाही. हे सगळं शिवायच्या आधी उरकायला हवं, कारण चार-पाच थर एकदा धावदोऱ्याने बांधले गेले की मधल्या थराचा वास काढायला गोधडी उसवण्यावाचून इलाज नसतो. आणि बाळाच्या दुपट्यासाठी डांबरगोळ्यांत राहिलेली साडी वापरूच नका. त्याचं कारण पुढे नीट सांगते.

मी कोकणात राहते आणि गोधड्या, दुपटी शिवून देण्याचं काम बरीच वर्षं करते. लोक आपापल्या घरच्या साड्या गाठोड्यात बांधून आणतात. गाठोडं सोडलं की कापड मोजायच्या आधी मी ते नाकाला लावते. कापड किती टिकेल, किती धुवावं लागेल आणि कोणता तुकडा बाद करायचा, यातलं निम्मं तिथेच कळतं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. सकाळी, फोडणी पडायच्या आधी, पडवीत किंवा गच्चीत बसा आणि एकेक साडी पूर्ण उलगडून हुंगा. नाकाला वासाची सवय फार लवकर होते, तीन-चार साड्या झाल्या की काहीच कळेनासं होतं. तेव्हा उठून अंगणात एक फेरी मारून या. कॉफीच्या बिया हुंगाव्यात असं सांगतात, पण मोकळी हवा तेच काम करते. घडीच्या रेषा, काठ, निऱ्यांचा भाग, पदर हे सगळं वेगवेगळं हुंगा, कारण एकाच साडीत दोन-तीन वास वेगवेगळ्या जागी बसलेले असतात. पदराचा जो भाग डोक्यावरून घेतला जायचा, तिथे बघा. कापड किंचित पिवळट आणि ताठर लागेल, आणि वास डांबराचा नसून खवट खोबरेलाचा येईल. केसांचं तेल वर्षानुवर्षं त्या हातभर जागेत मुरलेलं असतं. तुम्ही साडी कितीही वाळवलीत तरी हा वास जाणार नाही, कारण इथे दोष तेलाचा आहे आणि तेलाला ऊन काही करत नाही, उलट आणखी खवट करतं.

म्हणून ढीग लावा: डांबराचा, कुबट, खवट, आणि ज्यांना फक्त कंडिशनरचा वास येतो त्यांचा. या शेवटच्या ढिगावर विसंबू नका, त्याखाली बाकीचे तीनही असू शकतात. एकाच साडीला दोन दुखणी असली तर डांबराचं आधी बघा, धुणं नंतर.

आता डांबर. आपण ज्यांना डांबरगोळ्या म्हणतो त्या सहसा नॅप्थलीनच्या असतात. हा पदार्थ वितळत न बसता घन अवस्थेतूनच हळूहळू वाफ होतो, आणि बंद ट्रंकेत ती वाफ कापडाच्या धाग्याधाग्यात जाऊन बसते. पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम ३० मिलिग्रॅम जातो. म्हणून दोनदा धुऊनही तुमचा वास तिथेच राहिला. तो घालवायचा तर वाफेलाच बाहेर जायला वाट द्यायची. जितकी ऊब, जितका वारा आणि जितकं कापड पसरलेलं, तितका वास लवकर जातो.

ट्रंकेच्या कोपऱ्यात गोळ्यांचे चुरे उरले असतील तर फेकायच्या आधी ते कशाचे आहेत ते बघून घ्या. बाजारात पांढरे, गोल आणि उग्र वासाचे तीन पदार्थ मिळतात: कापूर, नॅप्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेंझीन. हा तिसरा न्हाणीघरात टांगायच्या रंगीत वड्यांत असतो. एका ग्लासात साधं पाणी घ्या, दुसऱ्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळलेलं पाणी. तुकडा साध्या पाण्यात तरंगला तर कापूर. साध्या पाण्यात बुडाला पण मिठाच्या पाण्यात तरंगला तर नॅप्थलीन. दोन्हीकडे तळाला गेला तर तिसरा. हात लगेच धुवा आणि पाणी झाडांना घालू नका. हे ओळखल्याचा फायदा असा की कापूर आणि पॅराडायक्लोरोबेंझीन वाऱ्यावर तुलनेने पटकन उडून जातात, नॅप्थलीन चिवट असतं, त्याला जास्त दिवस द्यावे लागतात. आणि एकाच ट्रंकेत कुणी गोळ्याही ठेवल्या असतील, कापूरही ठेवला असेल, तर उन्हाळ्यात ते एकमेकांना वितळवतात आणि खालच्या साडीवर तेलकट डाग पडतो. तुमच्या साड्यांवर आरपार दिसणारे असे डाग असतील तर त्यांचं मूळ बहुधा हेच आहे.

बाळाच्या बाबतीत मी इतकी ठाम का आहे ते सांगते. काही माणसांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. आपल्या देशातही अशी कुटुंबं आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं, कारण एरवी काही त्रास होत नाही. अशा बाळाला नॅप्थलीनच्या वाफेत ठेवलेलं कापड गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात, रक्त कमी होऊ शकतं आणि कावीळ वाढू शकते. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी-पांघरुणं वापरल्याने नवजात बाळं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. युरोपीय संघात २००८पासून नॅप्थलीनच्या गोळ्या विकायला बंदी आहे. वाळवून, धुऊन नॅप्थलीन खूप कमी होतं हे खरं, पण घरच्या घरी ते शून्य झालं याची खात्री करायला आपल्याकडे नाकापलीकडे साधन नाही. एवढ्याशा जिवासाठी मी ती जोखीम घेत नाही आणि कुणाला घेऊ देत नाही. दुपट्याला दोन-तीन साड्या पुरतात. त्या तुमच्या रोजच्या वापरातल्या घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, ज्यांनी गोळ्यांचं तोंड पाहिलेलं नाही. सासूबाईंच्या साड्या मोठ्या गोधडीसाठी ठेवा. आणखी एक, या साड्या वाळवायच्या, झटकायच्या कामाला मुलीला लावू नका. पोटुशी बाईने त्या वाफेत बसायचं कारण नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून सध्या तुमच्याकडे श्रावणसरी चालू आहेत. आपल्या पट्ट्यात या दिवसांत हवेतला ओलावा कितीतरी वेळा ८५-९० टक्क्यांच्या वर असतो आणि बुरशीला साधारण ६५-७० टक्के पुरतात. म्हणजे आत्ता साड्या बाहेर काढून धुतल्यात तर डांबर जाईल न जाईल, कुबट वास मात्र नव्याने लागेल. डांबराच्या साड्या आत्ता फक्त उघड्या करा. वापरात नसलेल्या खोलीत दोरीवर एकेरी टाका, पंखा चालू, खिडकी पाऊस नसेल तेव्हा उघडी. त्या खोलीत कुणी झोपायचं नाही. खरं काम ऑक्टोबरच्या उन्हात करा. पितृपक्षानंतर जे कडक ऊन पडतं ते याच कामासाठी असतं. घराघरातले पेटारे त्या दिवसांत उघडले जायचे ते उगीच नव्हे.

उन्हात घालतानाही रीत आहे. साडी चौपदरी करून दोरीवर टाकली तर आतले पदर तसेच राहतात. दोन दोऱ्यांमध्ये थोडं अंतर ठेवून साडी अशी पसरा की वारा खालून-वरून जाईल. उन्हाने पत्रा तापतो अशा पडवीच्या छपराखाली, सावलीत पण गरम वाऱ्यात, रंगीत साड्या टाका, म्हणजे रंग उडत नाहीत. पांढऱ्या-बदामी साड्या थेट उन्हात चालतात. रोज बाजू बदला. चार वाजले की आत घ्या. संध्याकाळचं दव बसलं की दिवसभराची मेहनत वाया. किती दिवस हे नाकाला विचारायचं. मोकळ्या साध्या साडीचं आठवड्याभरात बरंचसं होतं. जाड, घट्ट विणीच्या साडीला दोन-तीन आठवडेही लागतात. वास अगदी मंद झाला की मग गरम पाणी आणि साबण. राहिलेलं थोडं त्या वेळी निघतं.

कुबट साड्यांची गोष्ट वेगळी. तुमच्या सासूबाई साड्यांना खळ करत असतील, त्या पिढीत सगळ्याच करायच्या. साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची खळ म्हणजे बुरशीचं जेवण, आणि कापड खाणाऱ्या कसरीचंही. वरवर धुऊन खळ पूर्ण निघत नाही. साडी आधी घराबाहेर मऊ ब्रशने झाडा, नाकाला फडकं बांधून, आणि घरात झटकू नका, नाहीतर बुरशीची धूळ सगळ्या अंथरुणांवर बसेल. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी बघा. गढूळ, बुळबुळीत झालेलं असेल, बोटांत किंचित चिकटेल. ते ओतून पुन्हा भिजवा. पाणी बोटांना साधं लागेपर्यंत हे करत राहा. त्यानंतर हात जेमतेम घालवेल इतक्या गरम पाण्यात साबण आणि अर्ध्या बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा-पाऊण तास ठेवा आणि धुवा. रंग जाणारी साडी असेल तर आधी कोपऱ्यावर पाहून घ्या. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून पंधरा-वीस मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढा. व्हिनेगरचा वास वाळताना उडून जातो.

हे सुती साड्यांचं. रेशमाला किंवा लोकरीला धुण्याचा सोडा लावू नका, त्यांचा धागा सोड्याने खराब होतो. त्यांना रिठ्याचं पाणी, सावली आणि सबुरी. ट्रंकेत एखादी जरीची निघाली असेल तर ती गोधडीत घालूच नका. जर टोचते, काळी पडते आणि तिचं मोल वेगळं असतं.

इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की सोडा आणि व्हिनेगर एकत्र घाला, छान फसफसतं. फसफसतं खरं, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण वेगवेगळ्या पाण्यात, एकामागून एक. आणि ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं कुठलंही द्रावण चुकूनही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

कंडिशनरने दोन दिवस बरं का वाटलं तेही सांगते. कंडिशनर धाग्यावर एक मेणचट थर चढवतो. कापड मऊ लागतं, सुवास येतो, आणि त्या थराखाली जुना वास जागच्या जागी राहतो. सुवास उडाला की तो पुन्हा वर येतो. शिवाय त्या थरामुळे सुती कापड पाणी शोषेनासं होतं, आणि दुपटं, लंगोट, टॉवेल यांना तर शोषायचंच काम असतं. म्हणून त्या साड्याही एकदा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यातून काढाव्या लागतील.

खवट पदराला धुण्याच्या आधी भांड्यांचा पातळ साबण चोळून अर्धा तास ठेवा आणि मग गरम पाण्यात धुवा. दोन-तीन वेळा करून पाहा. तेल फार जुनं असेल तर ते वाळून धाग्याशी एकजीव झालेलं असतं, तेव्हा तो तुकडा कापून काढा. काळे ठिपके पडलेल्या भागाचंही तेच. आत घालू, दिसणार नाही, असं करू नका. गोधडीत आतला थरच सगळ्यात जास्त वास देतो. अंगाची ऊब आणि घाम रात्रभर तिथे जमतो आणि सकाळपर्यंत बाहेर पडत नाही.

साडी झाली की नाही हे ठरवायच्या माझ्या दोन खुणा आहेत. पहिली, पूर्ण वाळलेल्या साडीचं एक टोक काचेच्या स्वच्छ बरणीत कोंबून झाकण घट्ट लावायचं आणि बरणी तासभर उन्हात ठेवायची. मग झाकण उघडताक्षणी नाक लावायचं, आणि आपल्याऐवजी घरातल्या अशा माणसाला लावायला सांगायचं जो या साड्यांच्या आसपास फिरकलेला नाही. लोणच्याची बरणी घेऊ नका, ती कितीही धुतली तरी तिचा वास सांगते. दुसरी खूण वाफेची. साडीवर किंचित पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवायची आणि निघणारी वाफ हुंगायची. कोरड्या कापडात दबून बसलेला कुबट वास ओल आणि ऊब मिळाली की लगेच बोलतो. पावसाळ्यात तुमच्या गोधडीला जे होणार आहे ते इस्त्रीखाली आत्ताच कळतं. दोन्ही परीक्षांत उतरली तीच साडी कात्रीखाली घ्यायची.

धुण्याआधी एक गोष्ट करून घ्या. तुम्ही लिहिलंत की एका साडीला अजून सासूबाईंचा वास येतो. असं पुष्कळजणी सांगतात, आणि ती साडी धुवायला त्यांचे हात धजावत नाहीत. मी त्यांना जे सांगते तेच तुम्हाला सांगते. त्या साडीचा वीतभर तुकडा, डांबर सगळ्यात कमी लागलेला, न धुता काढून घ्या. एक दिवस सावलीत कोरडा करा, काचेच्या छोट्या बरणीत घाला आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. वास कायमचा टिकत नाही, पण घट्ट झाकणात बराच काळ राहतो. उरलेली साडी मग धुवायला मन तयार होतं. गोधडीत तिचा वास जपता येणार नाही, तिचा रंग आणि मऊपणा जपता येतो.

शिवताना वास बाहेरूनही येतात. वरच्या बाजूला नवं कापड लावणार असाल तर तेही आधी धुवा. मांजरपाटाला गिरणीतली खळ असते. छापील कापडांत काहींना रॉकेलसारखा वास येतो, तो छपाईच्या मिश्रणातून आलेला असतो आणि दोन-तीन धुण्यांत जातो. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया केलेली असू शकते, डोळ्यांना चुरचुर जाणवते. असं कापड बाळासाठी तर नकोच. श्रीकाळहस्तीकडची हाताने रंगवलेली कलमकारी असेल तर तिच्या कापडाला हिरड्याच्या अर्कात आणि म्हशीच्या दुधात बुडवलेलं असतं, आणि तो दुधाळ-तुरट वास सुरुवातीला येणारच. तो दोष नव्हे. गार पाण्यात वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा, हळूहळू कमी होतो. मशीनवर कडा शिवणार असाल तर तेल घातल्यावर आधी चिंधीवर भरपूर टाके घालून घ्या. यंत्राच्या तेलाचा एक थेंबसुद्धा दुपट्यात महिनोन्महिने वास देतो.

आता लॅव्हेंडरचं तेल. पहिली गोष्ट, कापडावर ते डाग पाडतं, आज दिसत नाही पण वर्षभराने पिवळं वर्तुळ दिसतं. दुसरी, हवेच्या संपर्कात अशा तेलांतले घटक बदलतात आणि बदललेलं तेल ताज्यापेक्षा त्वचेला जास्त त्रास देतं. लॅव्हेंडर आणि लिंबूवर्गीय तेलांबद्दल हे चांगलं माहीत आहे. गोधडीच्या आत शिंपडलेलं तेल तर जुनंच होत राहणार, काढता येणार नाही. तिसरी, बाळाच्या आसपास निलगिरी, पेपरमिंट आणि कापूर यांची तेलं अजिबात नकोत. लहान मुलांच्या श्वासावर त्यांचा परिणाम होऊ शकतो आणि कापूर पोटात गेला तर आकडी येते. शेजारच्या आजी सांगतील की ओवा, वेखंड, धूप यांची धुरी द्या, दुपट्याला आणि बाळालाही. त्यांची माया खरी आहे, पण धूर हा बाळाच्या फुप्फुसाला धूरच असतो, आणि कापडावर बसलेला धूर म्हणजे वासावर चढवलेला आणखी एक वास.

आणि सुवास हवाच कशाला? नवजात बाळ आईला वासाने ओळखतं. पहिल्या दिवसांत डोळ्यांपेक्षा नाकावर त्याची भिस्त असते. दुपट्याला कसलाच वास नसेल तर दोन दिवसांत त्याला आईचा वास लागतो, आणि बाळाला तोच हवा असतो. गिऱ्हाईक कितीही मागो, दुपट्याला मी अत्तराचा थेंबही लावत नाही. दुपटं फक्त धुतलेल्या सुती कापडाचं आणि उन्हाचं असावं. पहिलं वर्षभर ते बाळ झोपलेलं असताना तोंडाजवळ सैल पडू देऊ नका. जागं असताना खाली अंथरायला आणि मांडीवर घ्यायला वापरा.

सुगंधाची हौस पुरचुंड्यांत भागवा, तिथे ती शोभते. मोठ्यांच्या कपाटात, साड्यांच्या शेजारी. माझं मिश्रण असं असतं: चार भाग वाळ्याची मुळं बारीक कातरून, दोन भाग नागरमोथ्याची भरड, एक भाग कापूर कचरी (हा सुगंधी कंद, कापूर नव्हे), एक भाग सुकवलेला दवणा किंवा मरवा, आणि पाव भाग लवंग. वाळा आणि नागरमोथा यांचा वास जड असतो, सावकाश उडतो, त्यामुळे तो महिनोन्महिने टिकतो आणि दवण्यासारख्या हलक्या वासालाही धरून ठेवतो. लिंबाची किंवा संत्र्याची साल घालायचा मोह होतो, पण तिचा वास काही दिवसांत संपतो आणि साल नीट सुकली नसेल तर बुरशी मात्र राहते. बकुळीची फुलं मिळाली तर जरूर घाला, सुकून तपकिरी झाली तरी त्यांचा वास जात नाही.

इथे दोन गोष्टींत घाई करू नका. भरड हवी, पूड नको. पूड कापडातून झिरपते आणि साडीवर पिवळट डाग पाडते. आणि प्रत्येक जिन्नस कडकडीत वाळलेला हवा. नागरमोथा हातात दाबला तर किंचितही वाकता कामा नये, कट्‌ असा मोडायला हवा. एवढं करूनही अशा वनस्पतींना बारीक तपकिरी किडे लागतात, तेच जे मसाल्यात होतात. म्हणून भरड हवाबंद पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव जमतं. पुरचुंडीला दाट विणीचं पांढरं सुती कापड, जरीला टेकणार नाही अशी जागा. वास मंदावला की पुरचुंडी हातात चुरडली की वाळा पुन्हा दरवळतो. कसर पळवण्याची जबाबदारी मात्र पुरचुंडीवर टाकू नका. कसर येते घामाला, अन्नाच्या डागाला आणि खळीला. साडी धुऊन, खळ न करता ठेवली तर बरंचसं काम तिथेच होतं.

ट्रंकेकडेही बघा, नाहीतर तयार गोधडी तिथे ठेवाल आणि महिन्याभरात पुन्हा मला लिहाल. तळाचे वर्तमानपत्राचे कागद फेकून द्या, त्यांत डांबर मुरलेलं असतं. आतून साबणाच्या गरम पाण्याने पुसा, सांध्यांत जुना ब्रश फिरवा आणि झाकण उघडं ठेवून कडक उन्हात बरेच दिवस ठेवा. पत्रा तापला की वास झपाट्याने निघतो. आतून रंग दिलेला असेल तर रंगात मुरलेला वास हट्टी असतो, अशा ट्रंकेत भांडी ठेवा, कापड नको. गोधडी धुतलेल्या सुती अभ्र्यात घालून उघड्या फळीवर ठेवलेली उत्तम. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच नको, थोडीशी ओल राहिली असेल तर ती तिथेच कोंडली जाते.

भेटीच्या खोक्यात दुपटं आणि पुरचुंड्या एकत्र घालायचा तुमचा विचार आहे. तसं करू नका, सुती कापड शेजारच्याचा वास सहज उचलतं. पुरचुंड्या वेगळ्या घट्ट डब्यात, साबण द्यायचा असेल तर तोही त्यांच्याबरोबर.

वेळेचं गणित असं बसतं. दुपट्याच्या साड्या आत्ताच निवडा आणि पावसाने उघडीप दिली की धुऊन घ्या. दुपटं पातळ, दोन-तीन थरांचं, गणपतीच्या आधी शिवून होईल. मोठी गोधडी दिवाळीपर्यंत ओढून-ताणून पुरी करू नका. सासूबाईंच्या साड्या ऑक्टोबरच्या उन्हात ठेवा, ज्या बरणीत आणि वाफेत उतरतील त्या थंडीत शिवायला घ्या. एखाद-दुसऱ्या साडीचा वास तरीही जाणार नाही. ती पुढच्या वैशाखात पुन्हा उन्हात घाला, आणि तेव्हाही हट्ट सोडला नाही तर तिच्या बाजारहाटाच्या पिशव्या शिवा.